किचनचं नूतनीकरण: तीन कोटेशनं हातात आली, आता काम द्यायचं कोणाला?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. स्वयंपाकघर १८ वर्षांचं झालंय, सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगून आलाय, ओट्यावर जागा पुरत नाही आणि सिंकच्या भिंतीला पलीकडच्या खोलीतून ओल दिसू लागली आहे. तुम्ही तिघांकडून दर मागवलेत: एक मॉड्युलर किचन करणारी कंपनी, एक सगळी कामं अंगावर घेणारा ठेकेदार आणि एक ओळखीतला सुतार. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकड्यात जवळजवळ दुपटीचा फरक आहे. कंपनी म्हणते तीन आठवड्यांत हातात देऊ, सुतार म्हणतो काम सुरू झालं की सांगतो. यातल्या कोणाला द्यावं, हा तुमचा प्रश्न.

गेली २२ वर्षं मी घरांच्या नूतनीकरणाची कामं आखते आणि साइटवर उभी राहून करून घेते. तुमची हकीकत वाचून पहिली गोष्ट जाणवली ती ही की तुमच्याकडे कागद तीन असले तरी ते एकाच कामाचे नाहीत. कंपनीने कपाटं, ट्रॉल्या आणि ओटा धरला असेल. जुनं काढणं, पाइप, वायरिंग हे ‘जागा तयार करून द्या’ या एका ओळीत तुमच्याकडे ढकललेलं असेल. ठेकेदाराने फोडाफोडीपासून रंगापर्यंत सगळं धरलं असेल. सुताराने प्लाय, लॅमिनेट आणि मजुरी. तिघांनी तीन निरनिराळी स्वयंपाकघरं मनात धरून आकडे लिहिलेत. त्यामुळे कोण स्वस्त आणि कोण महाग हे या कागदांवरून कळणारच नाही, कितीही वेळा शेजारी शेजारी ठेवून वाचले तरी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. स्वयंपाकघर ही घरातली सगळ्यात दाटीची खोली. पाणी, सांडपाणी, वीज, गॅस, धूर, दगड, लाकूड, फरशी हे सगळं चार-पाच मीटर भिंतीत कोंबलेलं असतं. मी पाहिलेल्या बिघडलेल्या कामांत एकट्या सुताराची किंवा एकट्या प्लंबरची चूक क्वचित होती. दोघांनीही आपापलं काम नीट केलेलं असायचं आणि तरी ते एकमेकांत बसायचं नाही. प्लंबरने सांडपाण्याचा पाइप भिंतीतून काढला तो नेमका ड्रॉवर आत सरकतो त्या जागी. इलेक्ट्रिशियनने सॉकेट दिलं ते ओव्हनच्या बरोबर पाठीमागे, मग प्लग लावला की ओव्हन दोन इंच बाहेर राहतो. फरशीवाल्याने जुन्या फरशीवर नवी चढवली, त्याने उंची दोन सेंटिमीटर वाढली आणि डिशवॉशर ओट्याखाली जाईना. यातला प्रत्येक जण शपथेवर सांगेल की माझं काम बरोबर आहे, आणि ते खरंही असेल. म्हणून मी कोणालाही काम देण्याआधी एकच गोष्ट बघते: दोन कारागिरांच्या मधल्या सांध्याची जबाबदारी हा माणूस घेतो का? घेत असेल तर कागदावर घेतो का?

पण तिथे पोचण्याआधी ती ओल.

ओलीचं कारण सापडल्याशिवाय त्या भिंतीला एकही नवं कपाट लावू देऊ नका. तिघांपैकी कोणाच्या कोटेशनमध्ये तिचा उल्लेख आहे का ते बघा. नसेल तर कोणी भिंतीकडे नीट पाहिलेलंच नाही. बरंचसं तुम्ही स्वतःच शोधू शकता. रात्री झोपण्याआधी घरातले सगळे नळ बंद करा, फ्लशच्या टाक्या भरून होऊ द्या आणि पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा. सकाळी कोणी नळ उघडायच्या आत पुन्हा बघा. आकडा पुढे सरकला असेल तर दाबाखालच्या पाइपातून, नळातून किंवा टाकीतून कुठेतरी पाणी जातंय. तसाच असेल तर संशय सांडपाण्याच्या बाजूवर. सिंकला बूच लावून ते काठोकाठ भरा, पाण्यात थोडा रंग मिसळा, एकदम सोडा आणि खाली टॉर्च धरून पाइपाचा एकेक सांधा कोरड्या पांढऱ्या कागदाने पुसत जा. रंग उमटला तिथे गळती. यातही काही सापडलं नाही तर ओटा आणि भिंत यांच्यातली फट बघा; वर्षानुवर्षं भांडी घासताना तिथून पाणी मागे उतरत राहतं आणि कपाटाचा तळ फुगतो तो बऱ्याचदा यामुळेच. स्वतंत्र मीटर नसेल, किंवा भिंत बाहेरची असेल, किंवा वरच्या मजल्यावरून पाणी येत असेल, तर शोध लांबतो, पण तो टाळता येत नाही. गळती थांबल्यावरही भिंत सुकायला काही आठवडे लागतात. तेवढा वेळ वेळापत्रकात आत्ताच धरा.

इमारत किती जुनी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती खूप जुनी असेल आणि जुन्या फरशीच्या किंवा पाइपावरच्या आवरणात ॲस्बेस्टॉस असण्याची शंका असेल, तर तपासणी केल्याशिवाय फोडू नका. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर त्रास कित्येक वर्षांनी दिसतो. जुन्या रंगाच्या थरांत शिसंही असू शकतं. आणि जागा वाढवण्यासाठी एखादी भिंत काढायचा विचार असेल तर ती भार पेलणारी आहे की नाही हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचं. ‘ठोकून बघितली, पोकळ वाजते’ या शब्दावर भिंत पाडायची नाही, मग तो शब्द कितीही अनुभवी गवंड्याचा असो.

आता आखणी. ही तुम्हीच करायची, आणि कोटेशन पुन्हा मागवण्याआधी. मी लोकांना सांगते, एक आठवडा आहे त्या स्वयंपाकघरात वही ठेवा. कुठे अडतं, कुठे वाकावं लागतं, कोणतं भांडं काढायला दुसरी चार काढावी लागतात, दोघं एकत्र काम करताना कोण कोणाला ‘जरा बाजूला हो’ म्हणतं, ते लिहा. कोणत्याही कॅटलॉगपेक्षा ही वही उपयोगी पडते. तुमची तक्रार आहे की ओट्यावर जागा पुरत नाही. बहुतेक घरांत ओटा लांबीला कमी नसतो, तुकड्यांत वाटला गेलेला असतो: सिंक एका बाजूच्या मधोमध, शेगडी दुसऱ्या बाजूच्या मधोमध, उरलेल्या जागी मिक्सर आणि मायक्रोवेव्ह. सिंक आणि शेगडी यांच्या मध्ये सलग ९० सेंटिमीटर मोकळा ओटा मिळाला तर तेवढाच ओटा मोठा वाटायला लागतो. म्हणजे कदाचित तुम्हाला नवा ओटा वाढवायचा नाही, सिंक एका बाजूला सरकवायचं आहे. मात्र सिंक सरकलं की सांडपाण्याचा पाइप सरकतो आणि कामाचं स्वरूपच बदलतं. हे पुढे कोणाला काम द्यायचं त्याच्याशी थेट जोडलेलं आहे, म्हणून आत्ता सांगून ठेवते.

सिंक, शेगडी आणि फ्रीज यांचा त्रिकोण तुम्ही ऐकला असेल. प्रत्येक बाजू साधारण १.२ ते २.७ मीटर आणि तिन्ही मिळून ४ ते ८ मीटर. एक जण स्वयंपाक करत असेल तर हा हिशेब आजही चालतो. दोघं-तिघं एकाच वेळी असतील तर मी त्रिकोण बाजूला ठेवते आणि धुण्याची, चिरण्याची, शिजवण्याची जागा अशा वाटण्या करते, आणि दोन ओट्यांमधली वाट एकट्यासाठी १०० सेंटिमीटरच्या आसपास, दोघांसाठी १२० ठेवते. जागा लहान आहे म्हणून निराश होऊ नका. १९२६ साली मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या घरांसाठी आखलेलं स्वयंपाकघर जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होतं, आणि तशी सुमारे १०,००० बसवली गेली. कामं करताना किती हालचाल होते, किती वेळ लागतो, हे मोजून त्यांनी ते बसवलं होतं. माझ्या वहीच्या आग्रहामागे हेच आहे.

ओट्याची उंची हा विषय लोक दोन मिनिटांत उरकतात आणि मग पंधरा वर्षं कंबर दुखते. ९० सेंटिमीटर ही नेहमीची उंची, पण तुम्ही त्या सरासरीत बसता का? ताठ उभं राहून हात कोपरात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून १० ते १५ सेंटिमीटर वजा करा. चिरण्या-मळण्याच्या कामाला ती उंची बरोबर. सिंकचा तळ ओट्याच्या खाली १५-२० सेंटिमीटर असतो, म्हणून तिथे ओटा किंचित उंच असला तर पाठीला बरं. शेगडीवर उंच भांडी येतात, म्हणून तिथे किंचित खाली. घरात रोज सगळ्यात जास्त वेळ कोण उभं राहतं त्याच्या मापाने ठरवा, जो आराखड्यावर सही करतो त्याच्या नव्हे. शंका असेल तर टेबलावर पुस्तकं रचून त्या उंचीवर दोन दिवस चिरून बघा.

खालची कपाटं शक्यतो ड्रॉवरची करा. दारामागच्या खोल फळीवर मागचं काही दिसत नाही आणि गुडघ्यावर बसावं लागतं. महाग पडतं, खरं आहे. पैसे कमी असतील तर वरच्या कपाटांची सजावट कमी करा आणि ते पैसे ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या चॅनलमध्ये घाला.

विजेचं मात्र आधी ठरवाच, कारण भिंत बंद झाल्यावर तिथे काही बदलता येत नाही. कोणतं उपकरण कुठे राहणार आणि किती वॉटचं, याची यादी करा. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर २००० वॉटची किटली आणि १५०० वॉटचा मायक्रोवेव्ह एकत्र लावले तर १५ अँपिअर झाले. १६ अँपिअरचं एक सर्किट तिथेच संपलं. ओव्हनला वेगळं सर्किट हवं. चार चुलींचा ७ किलोवॉटचा इंडक्शन घेणार असाल तर एकट्यालाच ३० अँपिअर लागतात, त्याला जाड वायर थेट मेन बोर्डापासून, आणि घराला मंजूर असलेला वीजभार पुरतो का तेही बघायला लागतं. आज गॅस असला तरी पुढे इंडक्शन यायची शक्यता असेल तर आत्ताच जाड वायर टाकून ठेवा. भिंत उघडी असताना ती वायर स्वस्त पडते. ओल्या हातांची खोली आहे, म्हणून विजेची गळती झाली की ३० मिलिअँपिअरवर पुरवठा तोडणारं संरक्षक उपकरण बसवा. यावर मी कधीही तडजोड करत नाही. दिवे ओट्याच्या वर, वरच्या कपाटांच्या पुढच्या कडेखाली हवेत. एकच दिवा छताच्या मधोमध असला की तुम्ही आयुष्यभर स्वतःच्या सावलीत चिरता.

धुराबद्दल थोडंच. चिमणीची ताकद काढायला खोलीतली सगळी हवा तासाला दहा ते पंधरा वेळा बदलली जावी एवढा हिशेब पुरतो: ३ मीटर लांब, २.५ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच खोली म्हणजे साधारण २० घनमीटर, म्हणजे तासाला २०० ते ३०० घनमीटर. तळण-फोडणी रोजची असेल किंवा खोली दिवाणखान्याला उघडी असेल तर याहून जास्त. पण आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा बाहेर जाणारा पाइप आखूड, सरळ आणि पूर्ण व्यासाचा ठेवा. तीन वळणं घेऊन गेलेल्या पाइपापुढे महागड्या चिमणीचंही काही चालत नाही.

एवढं झालं की तुमच्या हातात वहीतल्या नोंदी, मापांसकट एक आराखडा, उपकरणांची यादी आणि ओलीचं निदान असेल. हे दोन-तीन पानांत लिहा आणि तिघांनाही तेच द्या. प्रत्येक बाबीपुढे दर वेगळा लिहायला सांगा: जुनं काढणं आणि मलबा नेणं, पाणी, सांडपाणी, वीज, प्लास्टर, फरशी, कपाटांचा सांगाडा, दारं, हार्डवेअर, ओटा, टाइल्स, रंग. ‘प्लाय’ एवढंच लिहिलेलं घेऊ नका. कोणत्या प्रतीचा, किती मिलिमीटर, कडा कशा बंद करणार हेही हवं. सिंकखालच्या सांगाड्याला उकळत्या पाण्यात न सुटणारा प्लाय घ्या. शंका असेल तर तुकडा मागून घ्या आणि काही तास उकळून बघा. हलक्या प्लायचे थर सुटायला लागतात. कपाटं जमिनीवर टेकवण्याऐवजी दहा सेंटिमीटरच्या पायांवर उभी करा, पुढची पट्टी काढता येईल अशी. खाली पाणी आलं तर दिसेल तरी. आता मात्र तुम्हाला दिसेल की तो दुपटीचा फरक बराचसा विरघळतो, आणि उरलेला फरक कशाचा आहे हे बोट ठेवून विचारता येतं. तीन आकड्यांत एक फारच खाली राहिला तर मी आनंदत नाही, काय सुटलंय ते शोधते.

आता कोणाला. हे खरोखर परिस्थितीवर आहे, त्यामुळे मी प्रत्येकाचं बलस्थान आणि उणीव सांगते.

कंपनीचं सामान मशीनवर कापलेलं असतं, कडा कारखान्यात पक्क्या चिकटवलेल्या, चॅनल-बिजागरीची वॉरंटी. पाइप आणि वायर जागच्या जागी राहणार असतील, भिंती काटकोनात असतील आणि जुनं काढून नवं बसवायचं असेल, तर कंपनीसारखं सोपं काही नाही. भिंत उघडावी लागली की त्यांचा माणूस हात वर करतो. त्यात वाईट हेतू नसतो. ते काम त्यांचं नाहीच. त्यांच्या वॉरंटीत पाण्याने झालेलं नुकसान धरलंय का ते बारीक अक्षरांत वाचा. आणि ‘तीन आठवडे’ कुठून मोजायचे? बहुधा जागा तयार होऊन अंतिम मापं घेतल्यापासून. त्याआधीचे आठवडे तुमचे.

सुतार वाकड्या भिंतीला माप जुळवून घेतो, अडनिड्या कोपऱ्यातून जागा काढतो आणि पाच वर्षांनी दार लोंबलं तर येऊन दुरुस्त करतो. चांगला सुतार मिळणं हे भाग्य आहे. पण मग प्लंबर, इलेक्ट्रिशियन, फरशीवाला, ओटेवाला यांच्या मधले सांधे तुमच्याकडे येतात. सकाळी कामगार येतात तेव्हा अर्धा तास आणि संध्याकाळी जाताना अर्धा तास तुम्ही जागेवर हवेत, मधले फोन वेगळे. नोकरी सांभाळून हे जमणार असेल आणि मोठी फोडाफोड नसेल, तरच हा मार्ग.

ठेकेदाराकडे माणसं आणि क्रम दोन्ही असतात. उणीव अशी की कपाटांत तो बहुधा मध्यम दर्जाचा असतो आणि काम पोटठेकेदारांकडे जातं. तुमच्याशी गोड बोललेला माणूस पुन्हा दिसत नाही. चौथा मार्ग, स्वतंत्र डिझायनर किंवा देखरेख करणारा नेमायचा. मी स्वतः ते काम करते, म्हणून मुद्दाम सांगते: भिंत काढायची नसेल आणि खोली लहान असेल तर पूर्ण वेळ देखरेखीची फी देण्याची गरज नाही. आराखडा तपासून घ्यायला आणि भिंती बंद होण्याआधी एकदा पाहणीला बोलावलं तरी पुष्कळ होतं.

माणूस पारखायचा कसा? गेल्या महिन्यात पूर्ण झालेलं काम बघू नका, ते सगळ्यांचंच चकचकीत असतं. दोन-तीन वर्षं वापरात असलेलं स्वयंपाकघर दाखवायला सांगा. तिथे सिंकखालचं दार उघडा, आत हात फिरवा, वास घ्या. ओट्याच्या पुढच्या कडेखाली बोट फिरवा: पाणी ओघळून कपाटात जाऊ नये म्हणून तिथे एक बारीक खाच मारलेली असते. ती असेल तर हा माणूस पाण्याचा विचार करणारा आहे. सामान भरलेले ड्रॉवर ओढून बघा. घरच्यांना एकच प्रश्न विचारा, ‘काम संपल्यावर काही बिघडलं तेव्हा किती दिवसांत आले?’ काहीच बिघडलं नाही असं क्वचितच होतं. बिघडल्यावर माणूस कसा वागतो तेच कळायला हवं. आणि तो तुमच्या घरी आला की काय विचारतो तिकडे लक्ष द्या. मेन बोर्ड कुठे आहे, पाणी कुठून बंद होतं, खालच्या मजल्यावर काय आहे, भिंतीची ओल किती दिवसांची, हे विचारणारा माझ्या लेखी निम्मी परीक्षा पास झाला. आल्या आल्या दाराचा रंग दाखवणारा नाही. वीज आणि गॅस मात्र कोणाकडूनही काम करून घेतलंत तरी परवानाधारकाकडूनच, आणि त्याचा लेखी दाखला घेऊन.

सुरुवातीच्या काळातली माझी एक चूक सांगते, कारण तिने मला क्रम शिकवला. दिवस वाचवायला मी ओट्याचा दगड आराखड्यातल्या मापावरून कापायला दिला, कपाटं बसायच्या आधी. भिंत टोकाला दोन सेंटिमीटर बाहेर होती. दगड बसला, मागे पाचरीसारखी फट राहिली, ती आम्ही सिलिकॉनने भरली आणि वरून टाइल चढवली. दिसायला छान होतं. दोन वर्षांनी त्या घरातून फोन आला: कपाटाचा तळ फुगलाय आणि भिंतीला ओल आली आहे. तुमच्याच तक्रारीचे शब्द. दगड काढून पुन्हा करावा लागला, माझ्या खर्चाने, पण त्या घराला तीन आठवडे स्वयंपाकघराविना काढावे लागले ते मला परत देता आले नाहीत. तेव्हापासून खालची कपाटं पातळीत पक्की झाल्याशिवाय मी दगडाचं माप घेऊ देत नाही, आणि कोणी ‘दिवस वाचेल’ म्हणालं तरी ऐकत नाही.

तेव्हा क्रम असा: जुनं काढणं, भिंतीतले पाइप आणि वायर, त्यांची तपासणी, प्लास्टर, फरशी, खालची कपाटं, मग दगडाचं माप, दगड, टाइल्स, वरची कपाटं आणि उपकरणं. तपासणी म्हणजे पाण्याच्या पाइपांना दाब देऊन रात्रभर ठेवायचं आणि सकाळी दाबमापकाचा काटा उतरलाय का बघायचं. सांडपाण्याच्या आडव्या पाइपाला मीटरमागे साधारण दोन सेंटिमीटर उतार आहे की नाही ते लेव्हल लावून बघायचं. भिंती बंद व्हायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप जमिनीपासून लावून, म्हणजे पाइप कोणत्या उंचीवर गेलाय ते आकड्यासकट दिसेल. पुढे खिळा ठोकायच्या आधी हे फोटो उघडाल. दगड घरात कोरडा कापू देऊ नका, विशेषतः क्वार्ट्‌झचा तयार दगड. त्यात सिलिकाचं प्रमाण ९० टक्क्यांहून जास्त असू शकतं आणि त्या धुळीने कापणाऱ्या तरुण कामगारांची फुप्फुसं कायमची निकामी झाली आहेत. ऑस्ट्रेलियाने याच कारणाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदी घातली. भोकं कारखान्यात पाण्याखाली पाडून आणायला सांगा, आणि हे करारात लिहा.

पैशांचं थोडक्यात. आगाऊ रक्कम लहान ठेवा, पुढचे हप्ते पूर्ण झालेल्या टप्प्याला बांधा आणि शेवटचे दहा टक्के किरकोळ कामं संपून आठ-दहा दिवस वापर झाल्यावर द्या. पैसा कामाच्या पुढे धावला की काम मागे पडतं. अंदाजाच्या वर पंधरा टक्के बाजूला ठेवा. तुमच्या भिंतीत ओल आहे, म्हणून मी वीस म्हणेन. मध्येच सुचलेला प्रत्येक बदल दर आणि दिवस लिहून, दोघांच्या सहीने.

तुमच्या बाबतीत मी काय केलं असतं? ओल आहे, म्हणजे भिंत उघडणारच. ओटा मोकळा करायला सिंकही बहुधा सरकणार. म्हणून एकट्या कंपनीला देणार नाही आणि एकट्या सुतारालाही नाही. ठेकेदाराला बोलावून विचारेन: मलबा, पाइप, वीज, प्लास्टर, फरशी तुमची, कपाटं या सुताराकडून किंवा या कंपनीकडून येतील, पाइपाची आणि सॉकेटची प्रत्येक जागा मापासकट एका आराखड्यावर काढून तुम्ही आणि कपाटवाले दोघं सही कराल का, आणि बसवताना जुळलं नाही तर दुरुस्ती तुमच्याकडे राहील का? तो ‘हो’ म्हणाला आणि सही केली, तर त्याचा दर मधला असला तरी काम त्याला. ‘मग सगळंच मला द्या’ म्हणाला, तर त्याने केलेली दोन-तीन वर्षांपूर्वीची कपाटं उघडून बघेन आणि मग ठरवेन. सही नको म्हणाला तर दुसरा ठेकेदार शोधेन, महिना गेला तरी चालेल. ओळखीच्या सुताराला वाईट वाटेल याची काळजी वाटत असेल तर त्याला कपाटांचं काम देऊन बाकीची जबाबदारी त्याच्यावर न टाकणं हेच त्याच्या भल्याचं आहे.

यातलं सगळं लगेच करायची घाई नाही, पण मीटरची तपासणी आज रात्रीच करा. आकडा सरकलेला निघाला तर नूतनीकरणाची वाट न बघता प्लंबरला बोलवून तो पाइप आधी दुरुस्त करून घ्या. भिंतीला सुकायला तेवढाच वेळ मिळेल. काय निघालं ते लिहा, आणि पुढे गॅसच राहणार की इंडक्शन तेही. त्यावरून विजेची यादी कशी करायची ते सांगते.